‘दविस’ लिहिणारा मुलगा आणि सोडायची नोकरी

*प्रिय मॅडम,*
*मी 36 वर्षांची. पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवते. डी.एड.वर लागले, नंतर बाहेरून बी.ए. केलं. नोकरीला अकरा वर्षं झाली. वर्गात 31 मुलं आहेत, त्यातल्या सात जणांना वाचता येत नाही. वर्षभरापासून शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन जिन्याखाली चाळीस मिनिटं बसते. त्यातला एक मुलगा सगळी अक्षरं ओळखतो. ‘ना… ग… पू… र…’ असं वाचतो आणि मग माझ्याकडे बघून विचारतो, ‘मॅडम, काय आहे हे?’ नागपुरात राहून! त्या दिवशी मला रडू आलं. पण खरं सांगते, अख्ख्या दिवसात तीच चाळीस मिनिटं माझी वाटतात. आता एका इंग्रजी शाळेने ‘रिमेडियल टीचर’ म्हणून बोलावलंय. पगार कमी आहे, पण काम हेच. इकडे आमची पटसंख्या घसरतेय, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत कोण अतिरिक्त ठरेल याची दरवर्षी धाकधूक. यजमान म्हणतात, पर्मनंट नोकरी सोडणारी तू पहिलीच. सासूबाई म्हणतात, ‘ढ पोट्ट्यायले शिकवून कोनाचं भलं झालं?’ नोकरी सोडू का? कोर्स कोणता करू? आणि मला हे जमेल का?*
*— एक शिक्षिका, नंदनवन*

ताई,

नोकरी सोडू नका. निदान येती दोन वर्षं तरी नको.

यजमान म्हणतात म्हणून मी हे म्हणत नाही. पर्मनंट नोकरीचा देव्हारा मांडणाऱ्यांतली मी नाही, आणि संच मान्यतेची भीती मला चांगली ठाऊक आहे. माझ्या दोन मैत्रिणी अतिरिक्त ठरल्या आणि दुसऱ्या शाळेत त्यांचं समायोजन झालं, एकीचं काटोलला, दुसरीचं भिवापूरला. पण तुमच्याकडे आज जे आहे ते त्या इंग्रजी शाळेत मिळेलच असं नाही. सात मुलं, जिन्याखालची जागा, आणि कुणाला हिशेब न देता घालवता येणारी रोजची चाळीस मिनिटं. हे काम शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

मीही एके काळी अशीच एका शाळेत ‘रिमेडियल’ होते. शाळेचं नाव राहू द्या. खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची: एका कोपऱ्यात कॅरमचे बोर्ड, दुसऱ्यात मी. टाइमटेबलात माझे आठवड्याला बारा तास होते. मग पंधरा ऑगस्टची तालीम आली, युनिट टेस्ट आली, एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि माझ्या तासाला मला प्रॉक्सीवर पाठवू लागले. मुलं माझ्याकडे यायची ती अपुऱ्या वह्या पूर्ण करायला. दोन वर्षांत माझ्या हातून एकही मूल वाचायला शिकलं नाही. वह्या मात्र सगळ्यांच्या पूर्ण होत्या, आणि त्याबद्दल गॅदरिंगला माझा सत्कारही झाला. सगळ्या शाळा अशा नसतात. तुम्हाला जावंसं वाटलंच तर मुलाखतीत विचारा: एक मूल मला आठवड्यातून किती वेळा भेटेल, एका वेळी किती मुलं असतील, आणि माझा तास प्रॉक्सीला घेणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे हसले तर चहा पिऊन उठा.

आता त्या ‘ना ग पू र’वाल्या मुलाकडे येते.

पुस्तक, पाटी, खडू सगळं बाजूला ठेवा. त्याला म्हणा, मी शब्द तोडून सांगते, तू जोडून सांग. बा… दा… म. का… ग… द. प… तं… ग. त्याने ते झटकन जोडले, तर कान शाबूत आहे; अडतंय ते कागदावर, आणि ते सरावाने सुटेल. पण ‘बा, दा, म’ ऐकूनही तो ‘काय?’ म्हणून बघत राहिला, तर गोम आवाजात आहे. अक्षर डोळ्याने ओळखणं वेगळं, आणि ओळखलेले आवाज मनात धरून त्यांचा शब्द करणं वेगळं. ‘र’पर्यंत पोचेस्तोवर त्याचा ‘ना’ हातून निसटलेला असतो. मग त्याला चार दिवस जास्त वाचायला लावून काही होत नाही. दोन आठवडे नुसतं तोंडी खेळा, दोन अक्षरी शब्दांपासून. नंतर कागदावर आलात की प्रत्येक अक्षरापाशी त्याला थांबू देऊ नका. ‘नाऽऽग’ असा आधीचा आवाज ओढत पुढच्यावर न्यायचा. ‘नाग’ जमला की ‘पूर’. मग हाताने ‘पूर’ झाकायचं, ‘नाग’ वाचून घ्यायचा, हात काढायचा. नागपूर दोन उड्यांत येतं. तो चार उड्या मारत होता.

त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मेयोत किंवा मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात. माझ्याकडे एक मुलगी चार महिने येत होती, आईच्या हातात डिस्लेक्सियावरच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन न जमण्यावरच्या, लेखांची फाइल. पोरीला चष्मा हवा होता.

डिस्लेक्सिया हा शब्द आलाच आहे तर तुमच्या सात जणांबद्दल बोलू. सातही जणांना तो असेल असं धरून चालू नका. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पुस्तकाचा मजकूर वाचता आला, पाचवीत 48.8 टक्के. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. एवढ्या सगळ्यांच्या मेंदूत काही वेगळं असेल का? बहुतेकांना कुणी नीट शिकवलेलंच नसतं. वर्ग पुढे सरकला, मूल मागे राहिलं, आणि त्याच्या पातळीवर येऊन पुन्हा कुणी सुरुवात केली नाही. अशी मुलं सहा-आठ आठवडे व्यवस्थित शिकवलं की सुटतात. तुमच्या सातांतली चार-पाच बहुधा अशीच निघतील. उरतील ती दोन. सगळं करून झालं तरी त्यांची गाडी तिथल्या तिथेच. तुम्ही म्हणता ते करिअर त्या दोघांसाठी आहे.

शिकवायचं कसं, हे मी सदरात किती सांगणार? एक नमुना देते. अ आ इ ई ने सुरू करू नका. बाराखडी गाऊन दाखवणारी आणि ‘कू’ कुठे आहे विचारलं की छताकडे बघणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. म, न, क, ग, र ही पाच अक्षरं आणि काना घ्या. एवढ्यात नाक, कान, मान, राग, नाग, काम, मगर, नगर, कमान होतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरे शब्द वाचतं आणि त्याला ते कळतं. घ आणि ध एका दिवशी शिकवू नका, भ आणि म नको, ब आणि व तर मुळीच नको. परातीत रवा पसरा, बोटाने अक्षर काढायला लावा आणि काढताना मोठ्याने आवाज म्हणायला लावा. हे काही माझं डोकं नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी मिळून डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावण्याची जी रीत बसवली, ती हीच. रवा आपला.

पण रीतीपेक्षा मोठं एक आहे, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. मुलाची चूक नेमकी काय होती, ते लिहून ठेवणं.

माझ्या जुन्या वहीत एक शब्द आहे, ‘दविस’. शुद्धलेखनात एका मुलाने ‘दिवस’च्या जागी तो लिहिला होता, आणि मी त्याच्यावर लाल गोल करून मोकळी झाले होते. रात्री भांडी घासताना सहज तोंडाने म्हणून पाहिलं. दि-व-स. आधी द् ऐकू येतो, मग इ, मग व. मुलाने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं: द काढला, मग पहिली वेलांटी काढली, मग व. वेलांटी गेली व ला चिकटून. पहिली वेलांटी बोलताना अक्षराच्या मागून येते आणि लिहिताना आधी येते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. रफाराचं तेच. ‘सूर्य’मधला र बोलताना य च्या आधी, लिहिताना य च्या डोक्यावर, सगळ्यात शेवटी. वर्षानुवर्षं वाचून आपल्याला हे दिसेनासं झालेलं असतं. त्या मुलाची चूक माझ्या लाल गोलापेक्षा शहाणी होती. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत ती गेली. ‘सूर्य’ला मात्र दोन महिने लागले.

अशा वहीची परंपरा जुनी आहे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. चुणचुणीत, खेळात तरबेज, पण वाचता येईना. स्वतःचं नाव पर्सी, लिहिलं ‘प्रेसी’, आणि दाखवून दिलं तरी त्याला चूक चटकन दिसली नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. ते वाक्य मी पालकसभेत आजही ऐकते, फक्त आपल्या मराठीत: ‘बोलाले लय हुशार आहे जी, पन पुस्तक हातात घेतलं का संपलं.’

आणि नागपुरात ही वही ठेवताना एक सांभाळा. पुस्तकात ‘मला’ आहे आणि पोराने ‘मले’ वाचलं, तर चूक धरू नका. अक्षर फोडत धापा टाकणाऱ्याला ‘मले’ सुचत नाही. वाक्य कळलं म्हणूनच ते घरच्या बोलीत तोंडातून आलं. ‘डोळा’चा ‘डोया’ तसाच, आणि घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाचं ‘शाला’ही तसंच. पण ‘मला’चं ‘माल’ झालं, तर तारीख घालून वहीत लिहा. हा फरक मुंबई-पुण्याहून आलेल्या तपासणीच्या छापील तक्त्यात नसतो. तो आपल्यालाच ऐकावा लागतो.

तुम्हाला जमेल का, असं विचारलंत. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली. त्या मुलाने काय वाचलं आणि नंतर काय विचारलं, ते तुम्ही शब्दशः लिहिलंत. बाकीची पत्रं ‘मुलाला वाचता येत नाही, काय करू’ एवढ्यावर संपतात. तुमचा कान त्याच्याकडे आहे. हात कच्चा असेल, तो शिकता येतो.

कच्चा हात काय करतो तेही सांगते, म्हणजे मी सगळं पोटातून शिकून आले असं वाटायला नको. माझा पहिला विद्यार्थी सक्करदऱ्याचा. आठवड्यातून तीनदा, वर्षभर, मी त्याला त्याच्याच पुस्तकातून शिकवलं. वर्षअखेरी तो चार धडे घडाघडा वाचू लागला. मी त्याच्या वडिलांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर त्याला वाचून दाखवायला लावलं. ते ऑटो चालवायचे. दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. तेव्हा तिथे माझ्या एक ज्येष्ठ सहकारी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून पोस्टकार्ड काढलं, ब्लेडने त्याला एका शब्दापुरती खिडकी कापली आणि धड्याच्या शेवटच्या ओळीवर ठेवली. खिडकीत ‘पाणी’ होतं. मुलगा गप्प. वरच्या ओळीवर ठेवली, तरी गप्प. चारही धडे त्याला पाठ होते. वर्षभर मी त्याचं पाठांतर करून घेत होते आणि त्याला वाचन म्हणत होते.

वडील चिडतील असं वाटलं. त्यांनी ते पोस्टकार्ड माझ्या हातून घेतलं, टेबलावरच्या पेपरवर ठेवलं आणि एकेक शब्द सरकवत गेले. ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘असं बरं दिसते.’ मग कार्ड खिशात घातलं. वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यातून येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर बसलेला बाप बघेपर्यंत ते डोक्यात शिरलं नव्हतं. बर्फी तशीच राहिली. कुणाची हिंमत होईना.

कोर्सचं सांगते. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, जो मान्य करते तोच करा. तुम्ही पदवीधर आहात, तर बी.एड. विशेष शिक्षण, दोन वर्षांचं. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) हा विषय घेता येतो का, हे कॉलेजला आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी फक्त बौद्धिक अक्षमता किंवा श्रवणदोष असतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर असते, आणि नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथेही एकदा चक्कर टाका. रजेचं संस्थेकडून आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी आल्याशिवाय प्रवेशाचा एक रुपया भरू नका. तोंडी ‘हो हो, बघू’वर विसंबून फसलेल्या बायका मी मोजल्या तर हे सदर पुरायचं नाही. ‘तीन दिवसांत डिस्लेक्सिया थेरपिस्ट व्हा’ असल्या ऑनलाइन वर्गांच्या नादी लागू नका. शिकायला मिळालं तर ठीक, पण त्या कागदावर दुकान थाटू नका. आरसीआयकडे नोंदणी नसताना या व्यवसायाची पाटी लावणं हा 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा वाचून मलाही हसू आलं, पण कैदेचं तसं नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल तर कागदावर दिवस चांगले आहेत. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात ही मुलं कुठेच नव्हती. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार धरले, त्यात ती आली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना ही पदं जाहीर करून भरायला सांगितलं. आपल्याकडे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, हे डोळ्यांपुढे ठेवा. म्हणून तर म्हणते, आत्ता नोकरी धरून ठेवा आणि पात्रता मिळवा. पदं निघतील तेव्हा तुमच्याकडे वर्गात घालवलेली वर्षं आणि आरसीआयचा क्रमांक दोन्ही असेल. खासगी शिकवणी करून बरे पैसे मिळवणारेही आहेत. मला ते जमलं नाही, कारण सहा महिन्यांत वाचायला लागेल असं वचन पालकांना मी कधी देऊ शकले नाही आणि शेजारच्या गल्लीतल्या बाई देत होत्या.

कोर्स झाला तरी निदान तुम्ही करायचं नाही. पालकांनी विचारलं, ‘डिस्लेक्सिया आहे का?’ तर ‘तपासणी करून घ्या’ एवढंच. 2018 च्या सरकारी नियमांत प्रमाणपत्रासाठी मुलाचं वय किमान आठ वर्षं हवं, अशी अट होती. चौथीतली तुमची मुलं त्या वयाची आहेत, म्हणजे उरलेल्या दोघांसाठी वेळ दवडू नका. पुढे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ त्याच कागदावर मिळतो. डॉक्टरांकडे पाठवताना तुमची चुकांची वही सोबत द्या. वीस मिनिटांत त्यांना जे दिसणार नाही ते त्यात असेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. एक दिवस त्यांनाच जिन्याखाली आणून बसवा. ‘मले’ कुठलं आणि चूक कुठली, हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखतील. शिवाय तोंडाने तोडून शब्द ओळखायच्या खेळाला आज्जीसारखं कुणी नाही.

पोस्टकार्ड सापडलं नाही तर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालतो. खिडकी दोन बोटं रुंद ठेवा, उंची ओळीएवढी. वेलांटी आणि उकार कापले जाता कामा नयेत. आणि धड्याच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, वरून नको.